वाईट ते आधी

आमच्या आबांचं इंग्रजी सगळ्या धारला माहीत होतं, पण ते कुणी कानांनी ऐकलेलं नव्हतं. आबा म्हणजे माझे वडील. ते दरबारच्या इंग्रजी दफ्तरात होते आणि इंदूरच्या रेसिडेन्सीला, म्हणजे इंग्रज सरकारच्या कचेरीला, जाणारी पत्रं त्यांच्या हातची असत. अक्षर छापल्यासारखं, आणि वाक्यं अशी लांबलचक की वाचणाऱ्यानं मध्ये एकदा पाणी प्यावं. ‘आय हॅव द ऑनर टु सबमिट’ इथून जी गाडी सुटायची ती ‘मोस्ट ओबीडियंट सर्व्हंट’पर्यंत कुठे थांबायची नाही. गावातले लोक आपापले अर्ज घेऊन घरी येत. आबा ओसरीवर बसून लिहून देत, आणि माणूस तो कागद घडी घालून असा घेऊन जाई की जणू काम झालंच.

पण बोलायची वेळ आली की आबांची बोलती बंद. एकदा कुणी साहेब दफ्तर बघायला आला होता. त्यानं आबांचं एक पत्र हातात धरून थेट त्यांनाच विचारलं, हे तुम्ही लिहिलंत का? आबांनी नुसती मान हलवली. साहेबानं आणखी काही विचारलं, आबांनी पुन्हा मान हलवली. तेव्हा साहेब शेजारच्या अधिकाऱ्याला म्हणाला, तुमचा कारकून मुका आहे का? हे मला आबांनी कधीच सांगितलं नाही. आईनं सांगितलं, आणि तेही मी एकदा आबांच्या गप्प बसण्याची नक्कल करत होते म्हणून. त्यानंतर मी ती नक्कल केली नाही.

पुढे स्वातंत्र्य आलं, संस्थान विलीन झालं, कारभार हिंदीत सुरू झाला. आबांच्या वाट्याला पेन्शन आणि रिकाम्या दुपारी आल्या. त्या दुपारी त्यांनी माझ्यावर खर्च केल्या. जुन्या पत्रांच्या नकला घरात होत्या, त्या मला समोर बसवून मोठ्यानं वाचायला लावत. स्वतः वाचत नसत. माझा उच्चार चुकला असं वाटलं की बोट वर करत आणि ‘पुन्हा’ म्हणत. बरोबर कसा ते मात्र सांगत नसत. मला वाटतं, त्यांनाही तो ठाऊक नसावा. या शिक्षणाचा परिणाम असा झाला की दुष्काळी कामांवर आणि दरबारच्या हत्तींच्या चाऱ्यावर मला उत्तम इंग्रजी येत होतं, आणि ‘मला तहान लागली आहे’ एवढं सांगता येत नव्हतं.

अठराव्या वर्षी माझं लग्न झालं आणि मी देवासला गेले. नवरा शाळामास्तर होता, हसरा माणूस. त्याच्याबद्दल इथे जास्त लिहिणार नाही, मला ते जमत नाही. दीड वर्षात विषमज्वरानं तो गेला. मी तेव्हा धारला माहेरी होते. देवासहून एक माणूस निरोप घेऊन आला. तो आबांशी बाहेर काही बोलला, आणि आबा आत येऊन मला म्हणाले, “जावईबापूंना जरा बरं नाही. चल, मी पोचवून येतो.”

धारहून इंदूर आणि इंदूरहून देवास असा मोटारीचा प्रवास. मला काळजी होती, पण एवढी नव्हती. तरुण होते मी. वाटेत मोटारीच्या तोंडातून वाफ निघायला लागली आणि ड्रायव्हर पाण्यासाठी शेतातल्या विहिरीकडे पळाला. त्याच्यामागे एक म्हैस लागली. तो बादली डोक्यावर धरून धावत होता. मी हसून हसून बेजार झाले. आबाही माझ्याकडे बघून थोडं हसले. इंदूरला त्यांनी मला पेरू घेऊन दिले.

देवासला उतरल्यावर आबा मला घरी नाही, आधी चार घरं अलीकडे एका काकूंकडे घेऊन गेले. काकू म्हणाल्या, “उन्हातून आलीस गं, पाय धू, दोन घास खा, मग घरी जा.” मला नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही, कारण भूक लागली होती. वरण-भात होता, वांग्याची भाजी होती. मी भात दुसऱ्यांदा मागून घेतला आणि काकूंना त्या म्हशीची गोष्ट सांगितली. आबा पानाला शिवले नाहीत, “मी निघताना खाल्लंय,” म्हणाले. माझे हात धुऊन झाले तेव्हा ते उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, “बाळ, आता घरी जाऊ. ते राहिले नाहीत.”

आमच्यातली ही रीतच आहे. दुरून आलेल्या माणसाला उपाशीपोटी मृत्यूची बातमी द्यायची नाही. एकदा ऐकलं की त्याला घास जाणार नाही, आणि सुतकाच्या घरात चूलही पेटलेली नसते. म्हणून आधी जेवू घालायचं, मग सांगायचं. पुढे तीन दिवस माझ्या पोटात अन्न गेलं नाही. त्या एका जेवणावर पोरगी उभी राहिली, असं सगळे म्हणत. मलाही ते पटलेलं होतं.

वर्षभरानं मी धारला परत आले. देवासची माणसं वाईट नव्हती, पण तिथे माझ्यासाठी उरलं होतं ते म्हणजे मागची एक खोली आणि दुसऱ्यांच्या मुलांची अंगडी-टोपडी शिवणं. इंदूरच्या इस्पितळात नर्सिंग शिकवतात असं कळलं तेव्हा मी हट्ट धरला. नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. आमच्यासारख्या घरातल्या बाईनं परक्यांची मलमूत्राची भांडी उचलायची? आबांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं, “तिथं इंग्रजी लागतं.” जणू त्यापुढे भांड्यांचं काही चालणारच नव्हतं.

दोन वर्षांनी इंग्लंडातल्या इस्पितळांना शिकाऊ नर्सेस हव्यात अशी बातमी आली. अर्ज आबांनी लिहिला, चांगला पाच पानी. मेट्रन म्हणजे तिथल्या सगळ्या नर्सेसची मुख्य. तिनं मला नंतर विचारलं, की हा अर्ज तुझ्या वकिलानं लिहिला होता का. निघताना आबा इंदूरला स्टेशनवर आले. म्हणाले, “नुसतं लिहून काही होत नाही, बाळ. बोलून ये.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय करायला चालले होते ते मला त्या वेळी नीट कळलं. मला नर्स तर व्हायचंच होतं, पण आबांना जे तोंडातून काढता आलं नव्हतं ते माझ्या तोंडातून निघायला हवं होतं.

बोटीचं वर्णन सगळेच करतात, मी गाळते. इस्पितळ उत्तरेकडच्या एका गावात होतं. तिथे कापसाच्या गिरण्या होत्या आणि सगळ्या इमारती धुरानं काळ्या झालेल्या होत्या. मला बायकांच्या वॉर्डात टाकलं. वॉर्डाची प्रमुख असते तिला तिथे सिस्टर म्हणतात. आमची सिस्टर उंच, वाळकी, पन्नाशीची. पहिल्या आठवड्यात तिनं विचारलं, सहा नंबरच्या खाटेचं काय चाललंय? मी हात मागे बांधून उभी राहिले आणि ‘आय बेग टु रिपोर्ट’ अशी सुरुवात केली. माझं वाक्य क्रियापदापर्यंत पोचायच्या आत सहा नंबरला दोनदा उलटी झाली. वॉर्डात खसखस पिकली. त्या दिवशी माझं तोंड मिटलं ते मिटलंच. कुणी काही विचारलं की मी मान हलवायला लागले. ती आबांची मान आहे हे मला चांगलं समजत होतं, आणि त्यानं मला आणखीच रडू येई.

मला बोलायला शिकवलं ते म्हाताऱ्या विणकरणींनी. जन्मभर मागांच्या खडखडाटात काम करून त्यांचे कान गेलेले होते. गिरणीत बोललेलं ऐकू येतच नसे, म्हणून त्या एकमेकींशी ओठांनी बोलत. प्रत्येक शब्द तोंडात मोठा करून, चावून दाखवल्यासारखा. तीच सवय इस्पितळातही होती. त्या बोलल्या की मला शब्द दिसायचा. आणि मी बोलले की त्यांना माझा उच्चार ऐकूच यायचा नाही, त्या फक्त माझे ओठ बघायच्या. हसायचा प्रश्नच नव्हता. मी पुटपुटले की दोन नंबरची आजी माझी हनुवटी धरून म्हणायची, “तोंड उघड गं पोरी. दिसत नाही मला तू काय म्हणतेस ते.” त्यांचे केस विंचरताना, नखं कापताना, पाठ पुसताना मी तोंड उघडायला लागले. दुखतंय का? उशी उचलू? चहात साखर? मुलगी आली होती का? यांतलं एकही वाक्य आबांच्या नकलांमध्ये नव्हतं. सहा महिन्यांत मी त्या बायकांशी भांडायलासुद्धा लागले, औषध घ्या म्हणून, आणि एकदा एकीनं माझ्या रंगावरून काही म्हटलं तेव्हा तिला चार शब्द सुनावलेही. ती बाई मग माझ्याशिवाय कुणाकडून वेणी घालून घेईना.

पण सिस्टरसमोर गेलं की पुन्हा कुलूप. दर संध्याकाळी पाळी बदलताना प्रत्येक खाटेचा रिपोर्ट तोंडी द्यायचा असे. मी सुरुवात करायची ती चांगल्यापासून. दोन नंबर जेवली. चार नंबरला झोप लागली. नऊ नंबरच्या मुलाचं पत्र आलं. आणि सगळ्यात शेवटी, आवाज उतरवून, अकरा नंबरचा श्वास ठीक नाही. सिस्टर टेबलावर पेन्सिल आपटायची. “वाईट ते आधी! अकरा नंबर मरत असेल तर मला पत्राशी काय करायचंय?” आता हिला कसं सांगायचं, की आमच्या घरी तांदळाचा डबा रिकामा झाला तरी ‘तांदूळ संपले’ म्हणत नाहीत, ‘वाढले’ म्हणतात. वाईट ते आधी हे माझ्या जिभेच्या वळणातच नव्हतं. सिस्टरला वाटे मला इंग्रजी येत नाही. शेवटी मेट्रननं बोलावून सांगितलं, आणखी तीन महिने बघू. तोवर रिपोर्ट नीट देता आला नाही तर तुला घरी पाठवावं लागेल. इथे मुक्या नर्समुळे माणूस दगावतो.

‘मुकी’ हाच शब्द तिनं वापरला. मी खोलीवर जाऊन खूप रडले. घरी म्हणजे काय ते मला माहीत होतं. देवासला होती तसली एखादी मागची खोली. आणि आबा. ते मला एका शब्दानं बोलले नसते, आणि तेच मला सहन झालं नसतं.

त्या तीन महिन्यांपैकी दोन संपत आले असताना अकरा नंबरची बाई गेली. दुपारचे पावणेदोन झाले होते. मी तिच्याजवळ होते, तिचा हात माझ्या हातात होता. सिस्टर मेट्रनकडे मीटिंगला गेलेली. माझ्या वरच्या हुद्द्याची नर्स पडदे ओढून मला म्हणाली, “हिचा नवरा भेटीच्या वेळेला येईल. त्याला आत सोडू नकोस. बसव, आणि लगेच मला बोलाव. सांगायचं काम माझं.” यात न समजण्यासारखं काही नव्हतं.

तो वेळेआधीच आला. बुटका, साठीचा माणूस. सकाळची पाळी संपवून थेट गिरणीतून आला होता, कोटावर कापसाचे तंतू चिकटलेले होते. मी त्याला वॉर्डाच्या स्वयंपाकघरात नेलं. बोलवायला वळले, आणि सहज विचारलं, तुम्ही जेवलात का? तो म्हणाला, “कुठलं, पोरी. पहाटे पाचला निघालोय.”

मी नर्सला बोलवायला गेले नाही. मी चहा टाकला. पाव कापला, लोणी लावलं, मुरंबा लावला, आणि त्याच्यासमोर ठेवून त्याच्या पुढ्यात बसले. मी विचार करून हे केलं असं मला म्हणता येणार नाही. माझ्या हातांनी ते केलं. तो खात होता आणि बोलत होता. बायको इस्पितळात आल्यापासून तो स्वतः कपडे धूत होता, आणि या आठवड्यात त्यानं एक लाल मोजा पांढऱ्या कपड्यांत टाकला होता. “सगळ्या बनियनी गुलाबी झाल्या,” तो म्हणाला. “आताही एक अंगात आहे!” त्यानं कॉलर बाजूला करून मला ती दाखवली आणि मोठ्यानं हसला. बायकोला हे सांगितल्यावर ती काय म्हणेल, त्याची नक्कलही त्यानं करून दाखवली. मी पावाचा आणखी एक तुकडा कापला. मला वाटत होतं की मी बरोबर करते आहे. याला पुढे घास जाणार नाही; आता जेवढं जाईल तेवढं जाऊ दे.

कप खाली ठेवून त्यानं तोंड पुसलं आणि उठला. “जाऊ का आत?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की बोलवायला जायची वेळ टळून गेली आहे. आता याला ‘थांबा’ म्हटलं तर तो माझ्या तोंडाकडे बघूनच ओळखेल. मी उभी राहिले. विणकरणींशी बोलताना उघडायचे तसं तोंड उघडलं, आणि म्हटलं, तुमची बायको वारली. पावणेदोन वाजता. मी तिच्याजवळ होते. ती एकटी नव्हती.

इंग्रजीत ही चार छोटी वाक्यं आहेत. आधी मराठीत जुळवलेली नाहीत, कुठल्या नकलेत वाचलेली नाहीत. इंग्रजीतलं माझं पहिलं खरं बोलणं ते हे. तो मटकन खुर्चीवर बसला. त्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग समोरच्या बशीकडे.

तासाभरानं मी सिस्टरच्या खोलीत उभी होते. ती रागानं पांढरी झाली होती. “पंचवीस मिनिटं तू त्या माणसाला पाव खाऊ घालत होतीस? का?” आणि मी बोलले. मान हलवली नाही. मी सांगितलं की तो पहाटेपासून उपाशी होता. सांगितलं की आमच्याकडे आधी जेवू घालतात, मला स्वतःला असंच जेवू घातलं होतं, माझा नवरा गेला तेव्हा, आणि त्या जेवणावर मी तीन दिवस काढले. तुमच्याकडे माणसाला रिकाम्या पोटी उभं करून तोंडावर बातमी मारतात, ती कुठली रीत? शेवटचं वाक्य मी ओरडूनच म्हटलं असावं, कारण बाहेर कुणाच्या तरी हातातल्या ट्रेची खडखड एकदम थांबली. सिस्टरनं हातातली पेन्सिल टेबलावर नीट आडवी ठेवली. मग म्हणाली, “तू चुकलीस. असं पुन्हा करायचं नाही.” मी म्हटलं, “येस, सिस्टर.” ती म्हणाली, “आणि उद्यापासून संध्याकाळचा रिपोर्ट रोज तूच देशील. वाईट ते आधी.” अशा रीतीनं मी तिथे राहिले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती चारचौघांत कितीदा सांगितली असती. पण आठवड्यानं तो माणूस बायकोचा चष्मा आणि अंगठी न्यायला आला. मी वस्तू त्याच्या हातात दिल्या. त्यानं अंगठी खिशात ठेवली आणि मला विचारलं, “मी बनियनीचं सांगत होतो, तेव्हा तुला माहीत होतं?” मी म्हटलं, हो. “मी हसत होतो,” तो म्हणाला. “ती तिथे भिंतीपलीकडे मरून पडली होती आणि तू मला हसू दिलंस.” आवाज चढवला नाही त्यानं. मी म्हटलं, मला माफ करा. तो म्हणाला, ते मला जमेल असं वाटत नाही. आणि गेला.

मी कपड्यांच्या कोठीत जाऊन दार लावून घेतलं. मला त्याचा राग आला नाही. मला म्हशीची गोष्ट आठवली, बादली डोक्यावर धरून धावणारा ड्रायव्हर आठवला, आणि माझ्या शेजारी बसून थोडंसं हसणारे आबा. त्यांना सगळं माहीत होतं. धारपासून माहीत होतं. मी त्या दिवशी हसत होते, पेरू खात होते, भात मागून घेत होते, आणि नवरा जाऊन एक दिवस झाला होता. चार वर्षं मला वाटत होतं की त्या जेवणाबद्दल माझ्या मनात फक्त उपकार आहेत. तसं नव्हतं. मला आबांचा राग आला होता, तो मी कधी उघडून पाहिलाच नव्हता. आणि त्या परक्या माणसानं चार वाक्यांत तो माझ्यासमोर आणून ठेवला. तो राग खरा होता. आबांची मायाही खरी होती. दोन्ही एका जागी कशी ठेवायची ते मला त्या कोठीत कळलं नाही, आणि आजही फारसं कळत नाही.

मी परीक्षा दिल्या, पास झाले, आणि पाच वर्षांनी परत आले. देवासलाच सरकारी इस्पितळात नोकरी मिळाली. मागच्या खोलीत नाही, टेकडीच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं स्वतःचं बिऱ्हाड केलं. आई तोवर गेली होती, म्हणून आबांना धारहून माझ्याकडे आणलं. त्यांना कोण आनंद झाला होता. पहिल्याच रविवारी त्यांनी आता देवासलाच राहणारे दफ्तरातले दोन-तीन जुने सोबती आणि शेजारीपाजारी चहाला बोलावले. शेजारचे एक गृहस्थ, इकडच्या सवयीनं बाईमाणसालाही ‘भिया’ म्हणणारे, म्हणाले, “बाई, जरा इंग्रजीत बोलून दाखवा ना. भिया, आम्ही खास ऐकायला आलो आहे.”

मला अशा वेळी काय बोलायचं ते सुचेना. मी इंग्रजीत म्हटलं, बसा ना. आज फार उकडतंय. चहा घेता का, साखर किती घालू? सगळे माझ्या पुढच्या वाक्याची वाट बघत राहिले. मग आबांचे एक सोबती खिन्नपणे म्हणाले, “हे तर आम्हाला सगळं समझून गेलं. मग विलायतला जाऊन काय फायदा झाला?” बाकीच्यांनी माना डोलावल्या. आबांनी माझी बाजू घेतली, म्हणाले, प्रवासानं दमली आहे. पण त्यांचा चेहरा पडला होता. इतक्या वर्षांच्या दुपारी, पाच पानी अर्ज, आणि शेवटी साखर किती घालू.

मंडळी गेल्यावर मी कप विसळत होते. आबा दाराशी येऊन उभे राहिले. “बाळ,” ते जरा संकोचानं म्हणाले, “तिथं कधी मोठ्या माणसांसमोर बोलायची वेळ आली का? मोकळं, न अडखळता? पहिल्यांदा कुणाशी बोललीस?” त्यांच्या डोळ्यांसमोर कुणी मेयर असावा, निदान एखादा डॉक्टर.

मी कप ठेवला, हात पुसले आणि त्यांना खाली बसवलं. आणि सगळं सांगितलं, इंग्रजीत. मराठीत मला ते सांगता आलंच नसतं. मराठीत मी आधी हवापाण्याचं सांगितलं असतं. इंग्रजीत मी सुरुवातच केली, की एक बाई वारली, आणि तिच्या नवऱ्याला ते मला सांगावं लागलं. आबा माझ्या ओठांकडे बघत होते. प्रत्येक शब्द त्यांना समजत होता, कारण त्यांचे स्वतःचे ओठ माझ्या मागोमाग हलत होते. चहा, पाव, मुरंबा, गुलाबी बनियन, चार वाक्यं. तिथपर्यंत मी आले आणि थांबले.

आबांनी मांडीवरचं धोतर सारखं केलं. मग मराठीत विचारलं, “त्याचं खाणं पूर्ण झालं होतं ना, तू सांगितलंस तेव्हा?”

“हो, आबा.”

“पोटभर?”

“हो.”

त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. ते कुठल्या जेवणाचं विचारत होते ते मला कळत होतं, आणि मला ते कळतंय हे त्यांनाही ठाऊक असावं. आठ वर्षांत आम्ही त्या दिवसाबद्दल एक अक्षर बोललो नव्हतो. “नंतर भेटला का कधी?” त्यांनी विचारलं. “काही म्हणाला?”

वाईट ते आधी सांगायचं, हे मी पाच वर्षं रोज संध्याकाळी शिकले होते. समोर आबा बसले होते, सत्तरी उलटलेले, मान जराशी पुढे काढून, माझ्या तोंडाकडे बघत.

“हो, भेटला,” मी म्हटलं. “आभार मानले त्यानं.”

आबांचे खांदे सैल पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, घसा खाकरला, आणि सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत इंग्रजीत म्हणाले, “यू डिड राइट.” आबांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं इंग्रजी वाक्य, आणि ते मी त्यांच्याशी खोटं बोलून ऐकलं.